तासांची वही: सामुदायिक चलनाने नेमकं काय बदलतं, ते मोजायचं कसं?

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, टेबलाच्या डाव्या खणात एक लांबट वही आहे. किराणावाले उधारी लिहितात तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची. पण तिच्यात रुपये नाहीत, तास आहेत. प्रत्येक घराला एक पान, डावीकडे ‘दिले’, उजवीकडे ‘घेतले’. ‘सिव्हिलला सोबत, ३ तास.’ ‘हयातीचा दाखला मोबाइलवर काढून दिला, १ तास.’ ‘कुरडया घालायला हात लावला, २ तास.’ चौदा घरांनी मिळून हे सुरू केलं. एक तास दिला की वहीतल्या कुणाकडूनही एक तास मागायचा. ज्याला दिला त्याच्याकडूनच परत यायला हवा असं नाही.

वर्ष झाल्यावर मी सभेत उभी राहून सगळ्या तासांची बेरीज वाचून दाखवली. तिसऱ्या मजल्यावरचे काका आयुष्यभर हिशेबनीस होते. ते शांतपणे म्हणाले, “किती झालं ते कळलं. काय झालं ते सांगा.”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचत गेले आणि लक्षात आलं, की काकांच्या प्रश्नाशी जगभरचे अभ्यासकही झटतायत.

आधी सामुदायिक चलन म्हणजे काय ते बघू. सरकारी चलनाच्या जोडीला एखाद्या वस्तीने, गावाने किंवा व्यापाऱ्यांच्या गटाने आपापसात मान्य केलेलं देवाणघेवाणीचं साधन. जोडीला, बदली नव्हे. रुपया आपल्या जागी असतोच. कल्पना आपल्याला परकी नाही. गावात सावड असते, आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. इर्जिकही त्यातलीच. दारावर येणारी बोहारीण जुन्या साड्या घेऊन स्टीलचा डबा देते, तिथेही नोट मध्ये येत नाही. फक्त सावड ओळखीच्या माणसांत आणि तोंडी चालते. तिची वही घातली, आणि तुमचं देणं तिसऱ्याच माणसाने फेडलं तरी चालेल असं ठरवलं, की तिचं चलन होतं.

जपानमध्ये ओसाकाच्या तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ साली बायकांसाठी श्रमांची बँक काढली. तरुणपणी दुसऱ्यांसाठी तास द्यायचे, ते म्हातारपणी उपयोगी पडतात. कॅनडात मायकल लिंटन यांनी १९८३ मध्ये खात्यांवरची पद्धत सुरू केली. तिच्यात नोट नाहीच, काम करणाऱ्याच्या खात्यात अधिक आणि घेणाऱ्याच्या खात्यात उणे. स्वित्झर्लंडमधलं ‘विर’ १९३४ पासून चालू आहे, तिथे छोटे-मध्यम व्यावसायिक एकमेकांचा माल आपसातल्या उधारीवर घेतात. आणि काही ठिकाणी खरोखरच्या नोटा छापतात, सरकारी चलन बँकेत ठेवून तेवढ्याच किमतीच्या. गिल सेफँग आणि नोएल लाँगहर्स्ट या ब्रिटिश संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २३ देशांत असे ३,४१८ प्रकल्प मोजले. त्यातले निम्म्याहून थोडे अधिक आमच्या वहीसारखे, म्हणजे वेळेचा हिशेब ठेवणारे होते.

रुपया असताना हे हवं कशाला? समजा, एका चाळीत प्लंबर दुपारभर रिकामा बसलाय. शेजारच्या घरात नळ गळतोय. त्या घरातली मुलगी प्लंबरच्या मुलाला गणित शिकवू शकते. काम आहे, हात आहेत, गरज आहे, मध्ये फक्त नोट नाही. म्हणून नळ गळत राहतो आणि मुलगा नापास होतो. सामुदायिक चलनाचा खरा उपयोग या अडलेल्या जागेत आहे. आपल्याकडचे व्यापारी ‘पैसा खेळता राहिला पाहिजे’ म्हणतात, तेच इथे लागू होतं.

पैसा खेळवण्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट ऑस्ट्रियातल्या व्योर्गल या गावाची. सन १९३२, जगभर मंदी, गावात बेकारी, पालिकेची घरपट्टी थकलेली. नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबेर्गर यांनी गावापुरत्या नोटा काढल्या, आणि तेवढी सरकारी रक्कम बँकेत तारण ठेवली. नोटेला अट अशी, की दर महिन्याला तिच्या किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट विकत घेऊन तिच्यावर चिकटवायचं, नाहीतर ती चालणार नाही. म्हणजे नोट गादीखाली ठेवली तर तोटा. लोकांनी ती हातात ठेवलीच नाही. पालिकेने त्या नोटांतून रस्ते केले, पूल बांधला, मजुरांना मजुरी मिळाली, मजुरांनी दुकानात खर्च केली, दुकानदारांनी त्याच नोटांनी थकलेली पट्टी भरली. आसपासची गावंही विचारू लागली. मग ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने नोटा काढण्याचा हक्क फक्त आपला असल्याचं सांगून १९३३ मध्ये हा प्रयोग बंद पाडला.

मला ही गोष्ट मनापासून आवडते. पण काकांचा प्रश्न लावला की ती अडखळते. गावातली कामं वाढली ती नोटेमुळे, की पालिकेने सार्वजनिक कामं काढली म्हणून? तीच कामं साध्या सरकारी पैशातून निघाली असती तर काय झालं असतं? थकलेली पट्टी वसूल झाली, त्यात तिकिटाचा वाटा किती आणि नगराध्यक्षांवरच्या विश्वासाचा किती? प्रयोग साधारण वर्षभरच चालला, त्यामुळे पुढे काय झालं असतं हे बघायला जागाच उरली नाही.

परिणाम मोजताना हाच सगळ्यात अवघड भाग असतो: ‘हे केलं नसतं, तर काय झालं असतं?’ आपल्याला दिसतं ते घडलेलं. न घडलेलं दिसत नाही, आणि परिणाम म्हणजे या दोहोंतला फरक. पावसाळ्याच्या तोंडावर झाड लावलं आणि ते वाढलं, तर श्रेय आपल्या बादलीला द्यायचं की पावसाला?

ब्राझीलमधलं उदाहरण बघा. फोर्तालेझा शहराच्या कडेला कोंजुंतो पाल्मेइरास ही गरीब वस्ती. तिथल्या रहिवाशांनी १९९८ मध्ये ‘बांको पाल्मास’ ही आपली बँक काढली आणि पुढे ‘पाल्मास’ हे वस्तीपुरतं चलन सुरू केलं, प्रत्येक पाल्मासमागे एक सरकारी रियाल ठेवून. बँकेच्या स्वतःच्या पाहणीनुसार १९९७ मध्ये रहिवासी ८० टक्के खरेदी वस्तीबाहेर करत होते, तर २०११ पर्यंत ९३ टक्के खरेदी वस्तीतच होऊ लागली. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण त्याच चौदा वर्षांत ब्राझीलची अर्थव्यवस्था वाढली, गरीब कुटुंबांच्या हातात सरकारी अनुदान येऊ लागलं, आणि बँकेने चलनासोबत छोटी कर्जं दिली, प्रशिक्षणंही घेतली. मग नोटेचा वाटा किती? खात्रीने सांगायचं तर तशाच, पण चलन नसलेल्या एखाद्या वस्तीची त्याच वर्षांतली नोंद शेजारी ठेवायला हवी. म्हणून मी पाल्मासला कमी लेखत नाही. बाजारहाट वस्तीत आला ही मोठीच गोष्ट आहे. फक्त ९३ टक्क्यांचं सगळं श्रेय एका कागदाला देता येत नाही.

पैसा वस्तीत किती फिरतो हे मोजायची एक साधी पद्धत आहे आणि ती कोणत्याही बचत गटाला एका दुपारी जमेल. ब्रिटनमध्ये ती ‘स्थानिक गुणक’ म्हणून वापरतात. पैशाच्या पहिल्या तीन फेऱ्या बघायच्या.

समजा, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने महिन्याच्या जेवणासाठी किसननगरच्या पोळी-भाजी केंद्राला १०,००० रुपये दिले. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी त्यातले ६,००० ठाण्यातच खर्च केले: पोळ्या लाटणाऱ्या दोघींची मजुरी, किराणा, जांभळी नाक्याची भाजी. बाकीचे सिलिंडर, जागेचं भाडं, कर्जाचा हप्ता असे बाहेर गेले. ज्यांना ६,००० मिळाले, त्यांनी त्यातले ३,००० पुन्हा ठाण्यातच खर्चले. आता १०,००० अधिक ६,००० अधिक ३,०००, भागिले १०,०००. उत्तर १.९. म्हणजे कंपनीच्या एका रुपयाने ठाण्यात १ रुपया ९० पैशांची उलाढाल केली. हेच जेवण दूरच्या मोठ्या किचनमधून मागवलं आणि ठाण्यात फक्त पोचवणाऱ्या पोराचे १,५०० राहिले, त्याने त्यातले ९०० इथे खर्च केले, तर गुणक १.२४.

हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. पण स्वतःच्या घराचा महिन्याचा खर्च घेऊन करून बघा, माझ्या घराचं गणित बघून मी बराच वेळ गप्प बसले होते. आता चलनाचा परिणाम मोजायचा तर सुरुवातीला हा गुणक काढायचा, आणि वर्षभराने पुन्हा. पहिला आकडाच नसेल तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. आमची चूक नेमकी तिथे झाली. वही सुरू करायच्या आधी कोण किती वेळा दवाखान्यात एकटं जातं, कुणाला कशासाठी पैसे देऊन माणूस आणावा लागतो, याची एक ओळही आम्ही लिहिली नव्हती.

गुणक वाढला म्हणजे विकास झाला का? शाश्वत विकासाची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालापासून रूढ आहे: आजच्या गरजा भागवायच्या, पण पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागण्याची सोय मोडायची नाही. त्यात पैसा आला, माणसं आली, आणि हवा-पाणी-जमीन आली. चलनाच्या बाबतीत तिन्हींचे पुरावे सारखे भक्कम नाहीत. ब्रसेल्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जगभरचे ४८ अभ्यास एकत्र तपासले. माणसं जोडली जाणं, एकटेपणा कमी होणं, एकमेकांवरचा भरवसा वाढणं, याचे पुरावे सगळ्यात जास्त मिळाले. आर्थिक परिणाम होता, पण प्रकल्प लहान असल्याने मर्यादित. पर्यावरणाबाबत पुरावेच थोडे.

पर्यावरणाचं तर विशेष जपून बोलावं. ‘स्थानिक घ्या, प्रदूषण कमी होईल’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण टोमॅटोचं उदाहरण घ्या. नारायणगावाहून भरलेला मोठा ट्रक तुर्भ्याच्या एपीएमसीत येतो, तेव्हा एका किलोमागे डिझेल फार थोडं लागतं. मुरबाडहून अर्धा रिकामा टेम्पो दोन क्रेट घेऊन ठाण्याला आला, तर अंतर कमी असूनही किलोमागे डिझेल जास्त जाळलं जाऊ शकतं. उलट, शहापूरच्या आदिवासी बायका पावसाळ्यात शेवळं, कंटोली, टाकळा डोक्यावर घेऊन कसारा लोकलने येतात. त्या भाजीसाठी वेगळं इंधन जवळपास लागतच नाही, रासायनिक खत नाही, प्लास्टिकचं वेष्टन नाही. म्हणून ‘किती लांबून आलं’ एवढंच विचारून भागत नाही. ‘कसं पिकलं आणि कसं आलं’ हेही विचारावं लागतं.

मला पर्यावरणाच्या बाजूने सगळ्यात पटलेला प्रयोग ब्राझीलच्या कुरितिबा शहराचा. काही झोपडवस्त्यांत गल्ल्या इतक्या अरुंद, की कचऱ्याची गाडी आतच जात नसे. महापौर जाइमे लेर्नर यांच्या काळात पालिकेने ठरवलं, की वेगळा केलेला कचरा लोकांनीच गाडीपर्यंत आणायचा आणि बदल्यात भाजी-फळं किंवा बसची टोकनं घ्यायची. पुढे ४ किलो सुक्या कचऱ्याला १ किलो भाजी असा हिशेब रूढ झाला. भाजीही आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांकडची, जास्त पिकल्यामुळे पडून राहिलेली. मोजायला हे सोपं आहे, कारण वजनकाटा खोटं बोलत नाही. किती किलो उचललं, किती घरांत भाजी गेली, किती शेतकऱ्यांचा माल उठला. कळवा-मुंब्र्याच्या डोंगरउतारावरच्या गल्ल्या पाहिलेल्या कुणालाही हा प्रयोग दूरचा वाटणार नाही.

आता माणसांची बाजू. इथे पुरावे भक्कम असले तरी, माझ्या मते, फसगतही इथेच होते. आमच्या वहीतल्या तासांची बेरीज चांगली होती. काकांनी विचारल्यावर मी पानं एकेक करून पाहिली. एका निवृत्त आजोबांच्या नावावर ३१ तास ‘दिले’ आणि ‘घेतले’ शून्य. त्यांना मागायचा संकोच होता. म्हणजे ते तास गादीखालच्या नोटेसारखे अडकून पडले होते. दुसऱ्या पानावर एक तरुण आई, ‘घेतले’ २२, ‘दिले’ ४, आणि तिला त्याचं ओझं वाटू लागलं होतं. बाळ झोपलं की तिला वेळ मिळतो, पण त्या वेळेला कुणाला काहीच नको असतं. बेरजेत दोघं मिळून छान दिसत होते. दोघांपैकी एकाचंही भागत नव्हतं.

आणि चौदा पानांत आमच्या इमारतीतल्या पाच घरांत काम करणाऱ्या ताईंचं पान नव्हतं. कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. कुणाला सुचलंच नाही. सभेत मी ते बोलले तेव्हा थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांना एकच गोष्ट कळली: वहीत तास म्हणजे तास. त्यांचा एक तास आणि डॉक्टरीणबाईंचा एक तास, किंमत सारखी. रोज पोळ्यांचा दर ठरवताना आपण असं मानत नाही. म्हणून कोणत्याही सामुदायिक चलनाचा सामाजिक परिणाम मोजताना मी पहिला प्रश्न हा ठेवेन: वहीत कोण नाही?

प्रयोग बंद का पडतात, तेही थोडक्यात. अर्जेंटिनात १९९५ मध्ये ब्वेनोस आइरेसजवळ शेजाऱ्यांचा छोटा विनिमय बाजार सुरू झाला, २००१-०२ च्या आर्थिक संकटात त्यात लाखो लोक आले. मग त्या बाजारापुरत्या नोटा बेसुमार छापल्या गेल्या, खोट्याही शिरल्या, भाव भडकले आणि विश्वास उडाला. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल शहरापुरता ब्रिस्टल पाउंड २०१२ मध्ये सुरू झाला, तिथल्या महापौरांनी पूर्ण पगार त्यातच घेतला, तरी त्याला दहा वर्षंही पुरी झाली नाहीत. ठाण्यात भाजीवाल्या मावशींकडे यूपीआयचा चौकोन आहे. तिथे आणखी एक कूपन घेऊन जाणं म्हणजे त्यांच्या गल्ल्यात एक डोकेदुखी वाढवणं. याउलट जर्मनीच्या बव्हेरियातलं ‘कीमगाउअर’ हे चलन २००३ मध्ये एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केलं आणि ते टिकलं. दुकानदाराने ते परत युरोत बदललं तर ५ टक्के कापले जातात आणि त्यातले ३ टक्के स्थानिक संस्थांना मिळतात. दुकानदाराला वाटतं, बदलण्यापेक्षा गावातच खर्च करू. गावातल्या संस्थांना वाटतं, हे चालू राहू दे. चलन टिकवण्यात दोघांचाही फायदा आहे.

आपल्याकडे सुरू करायचं असेल तर कायदा आधी बघावा. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ च्या कलम ३१ नुसार ‘दाखवणाऱ्याला मागताक्षणी पैसे देऊ’ असा कागद रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्याशिवाय कुणाला काढता येत नाही. एखाद्या दुकानाचं फक्त त्याच दुकानात चालणारं, रोख परत न मिळणारं कूपन चालतं. तेच कूपन दहा दुकानांत फिरू लागलं की रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा प्रश्न येतो. केनियात मोंबासाच्या एका वस्तीत २०१३ मध्ये ‘बांगला-पेसा’ हे चलन सुरू झालं तेव्हा चालवणाऱ्यांना अटक झाली होती. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण वस्तीतल्या छोट्या विक्रेत्यांना धाक बसलाच. शेजाऱ्यांनी तास लिहून ठेवण्याची वही ही नोट नव्हे, म्हणून सुरुवात तिथून करावी असं माझं मत आहे. दुकानांची कूपनं काढायची तर आधी जाणत्या वकिलाला किंवा सीएला विचारा.

आम्ही या वर्षी नवी वही घातली. यावेळी आधी दोन रविवार घरोघर जाऊन सहा प्रश्न विचारले: गेल्या महिन्यात दवाखान्यात एकट्याने किती वेळा गेलात, कोणत्या कामासाठी पैसे देऊन माणूस बोलावला, कोणतं काम पैशाअभावी राहून गेलं, इमारतीतल्या किती घरांत विचार न करता बेल वाजवू शकता, घरातली कोणती वस्तू दुरुस्तीऐवजी फेकली, आणि मदत मागायला लाज वाटते का. शेजारच्या बिल्डिंगमध्ये वही नाही. तिथल्या दहा घरांनीही हेच प्रश्न भरून दिले, त्यांचे मनापासून आभार. वर्षभराने दोन्हीकडे तेच विचारणार. ३० तासांच्या वर कुणाचे तास साठू द्यायचे नाहीत, आणि वही सांभाळायला मला जो वेळ लागतो तोही वहीतच लिहायचा, म्हणजे हा प्रयोग चालवायला काय पडतं तेही कळेल.

पंधरावं पान ताईंचं आहे. त्यांच्या मुलीला नववीचं बीजगणित अवघड जात होतं, ते काका शिकवतात. ‘घेतले’ खाली काकांच्या अक्षरात लिहिलंय: ‘बहुपदी, १ तास’. ‘दिले’ खाली ताईंच्या मुलीने लिहिलंय: ‘आईने ३०२ मधल्या ताईंना तांदळाची भाकरी शिकवली, १ तास. पहिल्या तीन तुटल्या.’